ओळख मेंदूची (भाग ६) : साफसफाई अडली की मज्जापेशी खचते

मागच्या भागात आपण कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची, लक्षणं पाहिली. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीसारख्या भागात हात थरथरू लागला, पाय घासत पडू लागला, की घरचे म्हणतात, "वय झालं आता." वर्षं निघून जातात. या आजारात मेंदूच्या आत काय बिघडतं, ते आज पाहू.

प्रत्येक पेशीत रोज प्रथिनं बिघडतात, ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया झिजतात. एकेकट्या प्रथिनाचे तुकडे प्रोटिएझोम नावाचं पेशीतलं यंत्र करतं. माल मोठा असेल तर त्याच्याभोवती पटलाची पिशवी तयार होते, ती लायसोसोम या पचवणाऱ्या पिशवीला मिळते आणि तिथल्या आम्लात व विकरांत सगळं विरघळतं. सुटे घटक पेशी पुन्हा वापरते. हे स्वभक्षण, म्हणजेच ऑटोफॅजी. तिची जनुकं यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल मिळालं.

त्वचेची पेशी विभागली की साठलेला गाळ दोघींत वाटला जातो. मज्जापेशी विभागत नाही. तिला जन्मभर स्वतःचं स्वतःच निस्तरावं लागतं. 2006 साली जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मज्जापेशींत ऑटोफॅजीची जनुकं बंद केली. दुसरा कोणताही आजार त्यांच्यात घातलेला नव्हता. तरीही प्रथिनांच्या गाठी साचल्या, उंदरांची चाल बिघडली, पेशी मेल्या.

मज्जापेशीची दुसरी अडचण लांबीची. कण्यातून पावलापर्यंत जाणारा तंतू मीटरभर लांब असू शकतो. टोकाशी भरलेली पिशवी पेशीच्या मुख्य भागाकडे ओढत आणावी लागते, कारण पूर्ण काम करणारी लायसोसोम बहुतेक तिथेच असतात. हे ओढकाम डायनिन नावाचं प्रथिन करतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने डायनिनचा जोर लेझरच्या चिमट्याने मोजला. एकटं डायनिन दुबळं असतं. पण चिखलात रुतलेल्या गाडीला चार बैल जोडावेत तशी अनेक डायनिन एकत्र आली की मोठा भार हलतो. 2016 साली त्यांनी दाखवलं की पिशवीच्या पटलावर कोलेस्टेरॉल जमलेल्या जागी डायनिन गोळा होतात. हे काम पेशींनी बाहेरून गिळलेल्या कणांच्या पिशव्यांवर झालं. मज्जातंतूंत ओढ घेणारं प्रथिनही हेच.

आता कंपवाताकडे येऊ. मायटोकॉन्ड्रिया बिघडली की पिंक1 हे प्रथिन तिच्यावर साठतं, पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं आणि पार्किन तिला टाकाऊ ठरवणारी खूण लावतं. या दोन्हींपैकी एकाच्या जनुकात दोष असेल तर तरुणपणीच कंपवात होऊ शकतो. लायसोसोममधलं एक विकर बनवणाऱ्या जीबीए जनुकात दोष असेल तरी धोका वाढतो. याच आजारात अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाच्या गाठी होतात. आयआयटी मुंबईतल्या समीर माजी यांच्या गटाने 2020 साली दाखवलं की हे प्रथिन आधी द्रव थेंबांत एकत्र येतं आणि पुढे ते थेंब घट्ट होत जातात. घट्ट झालेली गाठ मोडणं पेशीला जड जातं. म्हणून वेळेवर उचल होणं महत्त्वाचं.

औषधाच्या दिशेने शोध चालू आहे. पण साफसफाई वाढवून कंपवात किंवा अल्झायमर थांबवल्याचं माणसांत अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा उपास केला की मेंदू साफ होतो, या सल्ल्यावर विसंबून घरातल्या आजारी माणसाला उपाशी ठेवू नका. कंपवातात वजन आधीच घटतं आणि गोळ्यांच्या वेळा जेवणाशी जुळवाव्या लागतात. हात थरथरतोय, चाल मंदावली आहे, असं दिसलं तर नांदेडला मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. पेशीतला बिघाड आज उलटवता येत नसला, तरी औषधाने हालचाल बरीच सुधारते, आणि आपल्या हाताने घास घेता येणं ही लहान गोष्ट नाही.

पुढच्या आठवड्यात : कंपवाताच्या गोळ्या मेंदूत काय करतात?