धरणाची राखण

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांचा एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरला जातो. त्यातले ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी, एकट्या भातसा धरणात असते. शहापूर तालुक्यातले हे धरण ८८.५ मीटर उंच आणि ९५९ मीटर लांब आहे. त्याचे पाणी थेट नळाने मुंबईला जात नाही. ते भातसा नदीच्या पात्रात सोडतात, आणि खाली भिवंडीच्या बाजूला पिसे बंधाऱ्यावर उपसून पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध करतात. त्यामुळे राखण एका भिंतीपुरती करून भागत नाही. भिंत, वीजघर, पाच दरवाजे, मैलोनमैल उघडे पात्र, बंधारा आणि जलवाहिन्या असा सगळा पसारा राखावा लागतो. देशातल्या सुरक्षा आणि गुप्तवार्ता यंत्रणांनी कामे कशी वाटून घेतली आहेत, ते धरणाजवळच्या भातसानगरला उभे राहिले की नीट कळते.

धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचे, पिसे आणि पांजरापूर मुंबई महापालिकेचे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि पाणी हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत, संरक्षण केंद्राकडे आहे. म्हणून इथली पहिली जबाबदारी दिल्लीची नाही, ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांची. शहापूर, किन्हवली, वाशिंद, कसारा, मुरबाड, टोकावडे ही पोलीस ठाणी त्यांच्या अखत्यारीत येतात. कसारा मार्गावरच्या रेल्वेची व्यवस्था पुन्हा वेगळी. गाड्यांतले आणि स्थानकांतले गुन्हे नोंदवणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे, तर रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी सांभाळणारे रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे. एकाच फलाटावर दोघे शेजारी उभे दिसतात आणि प्रवाशाला बहुधा फरक कळत नाही. केंद्राचेच दुसरे, १९६९ साली उभे राहिलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल विमानतळ, अणुप्रकल्प, मोठे केंद्रीय कारखाने राखते.

पोलीस ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक बीटला अंमलदार असतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलखात मात्र एकेका बीटमध्ये इतके पाडे असतात, आणि ते इतके विखुरलेले, की हवालदार रोज सगळीकडे पोचणे शक्यच नाही. ही उणीव पोलीसपाटील भरून काढतो. तो पोलीस खात्याचा नोकर नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला, मानधनावर काम करणारा तो गावचाच माणूस असतो. गावात घडलेला गुन्हा, बेवारस मृतदेह, अनोळखी वस्ती, साथीचा आजार, दोन गटांतली धुसफूस, यातले काहीही त्याने पोलीस ठाण्याला आणि तहसीलदाराला कळवायचे असते. जंगलातल्या वाटेवर नव्या मोटारीची चाकोरी उमटली तर ती नवी आहे हे ओळखणारा माणूस तिथे राहणाराच असावा लागतो. वर कितीही उपग्रह फिरत असले तरी हे ज्ञान विकत मिळत नाही.

ठाण्यात आलेली अशी बातमी गोपनीय शाखेच्या अंमलदाराकडे जाते. बहुतेक ठाण्यांत हे काम एक-दोन माणसांवर असते. साध्या वेशात बाजारात, एसटी स्थानकावर, सभेत, जत्रेत फिरायचे, ऐकायचे आणि संध्याकाळी अहवाल लिहायचा. मोर्चा किती वाजता निघणार, किती लोक येतील, कोण बोलणार, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. अहवाल जिल्हा विशेष शाखेकडे जातो. पारपत्रासाठीची पडताळणीही याच शाखेची, म्हणून सामान्य माणसाची तिच्याशी गाठ पडते ती बहुधा तेवढ्यापुरती.

शहापूर तालुक्यात गोपनीय अंमलदाराचे उन्हाळ्यातले काम पाण्याभोवती फिरते. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि भातसा या मुलखात असूनही दर उन्हाळ्यात इथल्या गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. धरणासाठी जमिनी दिलेल्यांच्या मागण्याही वर्षानुवर्षे चालत आलेल्या आहेत. कुठे टँकर आला नाही, कुठे रास्ता रोको होणार, ही बातमी वर जाते तेव्हा तिचे दोन अर्थ लावता येतात. एक, बंदोबस्त वाढवा. दुसरा, पाणी पाठवा. गुप्तवार्तेचे खरे मोल दुसऱ्या अर्थात आहे, आणि तो अर्थ लावायला वरच्या टेबलावर समजूतदार माणूस लागतो. तहानलेल्या पाड्याकडे संशयाने पाहणाऱ्या यंत्रणेला तिथून पुढची बातमी कोणी देत नाही.

जिल्ह्यावरून बातमी राज्य गुप्तवार्ता विभागाकडे जाते. केंद्राच्या पातळीवर देशांतर्गत माहिती गोळा करणारा गुप्तचर विभाग १८८७ पासूनचा आहे आणि तो गृहमंत्रालयाखाली येतो. परदेशातली माहिती मिळवण्यासाठी २१ सप्टेंबर १९६८ रोजी ‘रॉ’ वेगळी काढली गेली. ती मंत्रिमंडळ सचिवालयाखाली आहे. या दोन्ही संस्था कुणाला अटक करू शकत नाहीत. त्या माहिती मिळवतात, जुळवतात, सावध करतात. झडती, अटक आणि आरोपपत्र हे काम कायद्याने अधिकार दिलेल्यांचे, म्हणजे पोलीस ठाण्याचे, २००४ पासून राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे आणि २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेचे. ९ डिसेंबर २०२३ रोजी भातसाच्याच खोऱ्याजवळच्या पडघा-बोरिवलीसह महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ४४ ठिकाणी राष्ट्रीय तपास यंत्रणेने झडत्या घेऊन १५ जणांना अटक केली. अटक कुणीही केली तरी प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. ऐकणारा आणि पकडणारा वेगळा, आणि दोघांच्या वर न्यायालय, ही रचना नागरिकाच्या हिताची आहे.

या विभागणीचा तोटा २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईने भोगला. समुद्रमार्गे हल्ल्याची शक्यता सांगणाऱ्या सूचना आधी आल्या होत्या, पण त्या तुटक होत्या आणि एका हाती जुळल्या नाहीत. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो तेव्हा मानेसरहून यायचे होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने राज्य पोलिसांच्या तयारीतल्या उणिवा दाखवल्या. २००९ मध्ये राज्याने ‘फोर्स वन’ हे कमांडो पथक उभे केले आणि त्याच वर्षी रक्षक दलाचा तळ मुंबईत आला. सगळ्या यंत्रणांनी माहिती एकत्र आणायची ते दिल्लीतले बहुसंस्था केंद्र आधीपासून होते, ते हल्ल्यानंतर चोवीस तास चालू झाले.

लष्कर या साखळीत सर्वांत शेवटी येते आणि तेही बोलावल्यावर. जमाव पांगवण्यासाठी सैन्याची मदत मागायची तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ नुसार तो निर्णय दंडाधिकाऱ्याने घ्यायचा असतो. आपत्तीत मात्र सैन्याची मदत मोकळेपणाने घेतली जाते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल आणि लष्कर यांच्याबरोबर आसपासचे गावकरीही सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढायला धावले.

याच मुलखात ही यंत्रणा एकदा उलट बाजूने उभी होती. १९४२ च्या आंदोलनात माथेरानच्या भाई कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. शहर चालते ठेवणारी तार तोडली की सरकारची नाडी हाती येते, हे त्यांनी हेरले होते. पोलीस मागावर लागले, डोंगरातला ठावठिकाणा फुटला आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाजवळ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बातमी, पाठलाग, सशस्त्र तुकडी हे टप्पे आजचेच. पण तेव्हाचे पोलीस लोकांना नव्हे, परक्या सरकारला बांधलेले होते.

पावसाळ्यात भातसा भरत आले की साखळी वरून खाली चालते आणि गुपित काहीच राहत नाही. दरवाजे उघडण्याआधी धरणाचे अभियंते तहसीलदार आणि पोलिसांना कळवतात. तिथून निरोप तलाठी आणि पोलीसपाटलाकडे, आणि त्यांच्याकडून नदीकाठच्या घरोघरी जातो. शहापूर-मुरबाड रस्त्यावर सापगावच्या पुलाला पाणी लागू लागले की हवालदार दोन्ही बाजूंची वाहने थांबवतो, आणि पोलीसपाटील काठावरची गुरे वर हाकायला सांगत फिरतो.