शीतोपचार आणि पोटावरचा मेद

मे महिन्यात पारा 45 अंशांना शिवणाऱ्या नागपुरात शीतलतेची महती निराळी सांगण्याचे कारण नाही. परंतु तीच शीतलता नियंत्रित रीतीने त्वचेखालच्या मेदावर सोडून, शस्त्राचा स्पर्शही न होता पोट व कंबर उतरवून देणारा इलाज मोठ्या शहरांतील सौंदर्योपचाराच्या दवाखान्यांतून आता आपल्याही दारी आला आहे, आणि ज्या अर्थी लोक त्याविषयी आस्थेने विचारू लागले आहेत, त्या अर्थी त्याचे विज्ञान व त्याची मर्यादा यांचा उलगडा होणे अगत्याचे आहे.

बर्फाची कांडी चोखणाऱ्या अर्भकाच्या गालावर उठलेल्या लाल, कठीण गाठीचे वर्णन 1970 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. तेथे त्वचा शाबूत राहून तिच्याखालचा मेद तेवढा थंडीने दुखावला होता. हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डीटर मानस्टाइन व रॉक्स अँडरसन प्रभृतींनी मेदाच्या याच नाजूकपणाचा पद्धतशीर अभ्यास करून 2008 साली निष्कर्ष मांडले, आणि 2010 मध्ये कमरेच्या बाजूंवरील उपचारास अमेरिकी सरकारची मंजुरी मिळाली. पौषातल्या पहाटे बाटलीतले खोबरेल साकळते आणि शेजारच्या तांब्यातले पाणी मात्र वाहतेच राहते, तद्वत मेदपेशीतील स्निग्ध द्रव्य पाणी गोठण्याच्या पुष्कळ आधी घट्ट होते. यंत्र त्वचेची वळी चोषून थंड पट्ट्यांमध्ये अर्धा-पाऊण तास, क्वचित तासभर, धरते. दुखावलेल्या पेशी पुढे क्रमाने मरतात, शरीरातील भक्षक पेशी त्यांचा निचरा करतात, आणि दोन-तीन महिन्यांच्या मुदतीत तेथील मेदाचा थर सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरतो. वजनात मात्र लक्षणीय फरक पडत नाही.

हा फेरफार आकाराचा आहे, आरोग्याचा नव्हे, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा 9.1 टक्के, तर याज्ञिकांचा 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात मेद असा दडून असतो, आणि यकृत व आतडी यांच्याभोवती साचून मधुमेहास वाट करून देणाऱ्या त्यातल्या अंशापर्यंत यंत्राची थंडी पोहोचतच नाही.

उपचारानंतरची लाली, सूज, बधिरता बहुधा काही आठवड्यांत ओसरते. क्वचित मेद घटण्याऐवजी तेथेच कठीण होऊन वाढतो, आणि तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने 2021 साली आपली अशीच हकीकत जाहीर केली. थंडीने रक्तातील प्रथिने साकळण्याचा विकार असणाऱ्यांस तर हा उपचार वर्ज्यच आहे. विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते: येथे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, आणि थंडीने त्यांच्या वेदना उसळू शकतात.

सबब, आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी आपला व घरातला सिकलसेलचा इतिहास डॉक्टरांस स्वतःहून सांगा. आणि कंबरेचा घेर पुरुषांत 90 किंवा स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर असेल, तर प्रथम रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्या.