ऐकणारें यंत्र आणि अण्णांची सतार

गेलेल्या वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें आपल्या घरोघर भिंतींवर लावलेलीं असतात. पितृपक्षांत त्यांना हार घातला जातो, मुलांना त्यांची ओळख करून दिली जाते. परंतु त्याच वडीलधाऱ्यांचा आवाज, किंवा त्यांच्या हातचें वाद्य, पुढील पिढीच्या कानांवर पडावें अशी तजवीज केलेलीं घरें फार थोडीं. पूर्वीं ही गोष्ट सामान्य गृहस्थाच्या आवांक्याबाहेरची होती. आतां ती तशी राहिलेली नाहीं. तथापि साधन हातीं आलें म्हणजे कार्य साधलें असें मात्र नव्हे, हें आम्हांला गेल्या वर्षीं चांगलेंच कळून आलें. तो अनुभव इतर कुटुंबांस उपयोगी पडेल, या हेतूनें येथें सांगत आहें.

आमचे वडीलबंधु अण्णा यांनीं तरुणपणीं मिरजेहून एक सतार आणिली. मिरजेस तंतुवाद्यें घडविण्याचा जो उद्योग एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेबांनीं आरंभिला, तो तेथील कारागिरांनीं आजतागायत चालविला आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. अण्णांनीं वर्ध्यास जन्मभर कचेरींत कारकुनी केली. मैफल अशी कधीं केली नाहीं. पण पहाटे तासभर सतार, हा नेम पन्नास वर्षें चुकला नाहीं. आमच्या घरांतील तीन पिढ्यांचीं मुलें त्या आवाजानें जागीं झालीं. आतां त्यांचें वय पंचाहत्तर झालें असून उजवा हात कांपूं लागला आहे. आज वाजते ती सतार पुढील वर्षीं वाजेल कीं नाहीं, हा विचार घरांत प्रत्येकाच्या मनांत होता. बोलून कोणी दाखवीत नव्हतें.

अण्णांचा नातू नागपुरास अभियांत्रिकी शिकतो. तो वैशाखांत सुटीवर आला, तेव्हां एक कंडेन्सर मायक्रोफोन, तो उभा करण्याची तिवई आणि तो संगणकास जोडण्याची एक लहान पेटी घेऊन आला. रविवारीं दुपारीं दिवाणखान्यांत सगळें घर जमलें. वर्ध्याचा वैशाख, कूलर बंद करण्याची कोणाची छाती होईना. सभेंत वक्त्यासमोर धरतात तसा मायक्रोफोनचा शेंडा सतारीकडे रोखून, घोडीपासून चार बोटांवर आम्हीं तो ठेविला. अण्णांनीं अर्धा तास वाजविलें. मग तें आम्हीं लाविलें. कूलरची घरघर, स्वयंपाकघरांतील कुकरच्या शिट्या, शेजारच्या विहिरीवरील पंप, हें सर्व स्पष्ट; आणि सतार मात्र आडांत पडल्यासारखी घुमत होती. अण्णांनीं तें शेवटपर्यंत ऐकलें आणि म्हणाले, "मी असा वाजवतों होय! पन्नास वर्षें उगीच घरच्यांची झोंप मोडली." त्यांनीं सतारीस खोळ घातली. दुसऱ्या दिवशीं पहाटे घरांत आवाज झाला नाहीं. त्यानंतर सात महिने झाला नाहीं.

दोष अण्णांच्या हाताचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. जन्मभर मुलांना संस्कृत शिकविणाऱ्या मला या वयांत नातवाजवळ बसून पदार्थविज्ञानाचे धडे घ्यावे लागले. त्यांचें सार असें.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभीं वीज नव्हतीच. १९०२ सालीं गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें घेतलें, तें एका कर्ण्याच्या तोंडाशीं गाऊन. आवाजाच्या जोरानेंच सुई हाले व मेणावर रेघ उमटे. म्हणून नाजूक वाद्याचा तेथें निभाव लागत नसे. पुढें १९१६ सालीं अमेरिकेंत वेन्ट यानें कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला, १९२५ पासून तबकड्या विजेच्या साहाय्यानें निघूं लागल्या, आणि १९२८ सालीं बर्लिनमध्यें नॉयमान यानें असे मायक्रोफोन विकण्यासाठीं बनविण्याचा कारखाना काढिला.

कंडेन्सर म्हणजे धारित्र, विजेचा भार सांठविणारें साधन. एकमेकींसमोर, पण न टेकतां ठेवलेल्या दोन पट्ट्या एवढेंच त्याचें स्वरूप. या मायक्रोफोनांत एक पट्टी जाड व स्थिर असते. दुसरीच्या जागीं सोन्याचा सूक्ष्म लेप दिलेलें एक पटल ताणलेलें असतें. तें माणसाच्या केसाहून दहा-वीस पट पातळ असतें. हवेची लहर येऊन पटल हाललें कीं दोहोंमधील अंतर बदलतें, आणि त्या अंतराबरोबर विजेचा दाब कमीजास्त होतो. हा फरक इतका अल्प असतो, कीं तो बाहेर धाडण्यापूर्वीं आंतच एका लहानशा विवर्धकानें सांवरून घ्यावा लागतो. त्यासाठीं लागणारी ४८ व्होल्टची वीज आवाजाच्याच तारेंतून उलट पाठवितात. तिला 'फँटम', म्हणजे भुताची, वीज असें गमतीचें नांव आहे. ४८ हा आंकडा १९६६ सालचा: नॉर्वेच्या नभोवाणीगृहांत दिव्यांसाठीं तेवढ्या दाबाची वीज आधींच खेळविलेली होती, म्हणून नॉयमान कंपनीनें आपले मायक्रोफोन तिच्यावर चालतील असे केले.

सभेंतील मायक्रोफोन निराळ्या जातीचा. त्यांत पटलाला तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें, त्या वजनामुळें तो जवळचें व जोराचें तेवढेंच चांगलें ऐकतो. कंडेन्सरचें पटल हलकें, म्हणून तो नखीचा आघात, तरफेच्या तारांची झणक, वाजविणाराचा श्वास, सर्व टिपतो. परंतु याच गुणांत त्याचा दोष आहे. आपले नैयायिक सांगतात कीं, इंद्रियाचा मनाशीं संयोग झाल्यावांचून ज्ञान होत नाहीं. आपण सतार ऐकत असतां कूलर ऐकत नाहीं, कारण मन तिकडे नसतें. या यंत्राला कान आहे, पण मन नाहीं. म्हणून काय ऐकावयाचें आणि काय नाहीं, हें त्याच्या वतीनें आपणच आधीं ठरविलें पाहिजे. ही एक गोष्ट ध्यानांत आली, आणि आमच्या सर्व चुका आमच्या आम्हांला दिसूं लागल्या.

पहिली चूक तोंडाची. मोठ्या पटलाच्या बहुतेक मायक्रोफोनांत पटल उभें असतें. तो शेंड्यानें ऐकत नाहीं, कुशीनें ऐकतो. ज्या बाजूस हृदयाच्या आकाराची खूण किंवा निर्मात्याचें चिन्ह असतें, ती बहुधा पुढची बाजू. ती हृदयाकृति म्हणजे त्याच्या श्रवणाचा नकाशाच होय: समोरचें पूर्ण, बाजूचें कमी, पाठीमागचें जवळजवळ नाहीं. तेव्हां तोंड वाद्याकडे आणि पाठ खिडकीकडे किंवा रस्त्याकडे करावी.

दुसरी चूक अंतराची. या जातीचा मायक्रोफोन फार जवळ नेला कीं खर्जाचे स्वर अवास्तव फुगतात. आमची सतार घुमली ती याचमुळें. फार दूर नेला तर वाद्यापेक्षां भिंतींवरून परतणारा आवाजच जास्त येतो. सतारीसाठीं एक ते दीड हात अंतर आम्हांला मानवलें.

तिसरी चूक पातळीची. संगणकावर शून्य ही कमाल मर्यादा असून ती ओलांडली कीं आवाज फाटतो, आणि फाटलेला मागाहून शिवतां येत नाहीं. वादकाला आधीं जोराचा झाला वाजविण्यास सांगावें, व त्या वेळीं पातळी उणें बारा डेसिबलच्या आसपास राहील असें करावें.

चौथी आणि सर्वांत मोठी चूक वेळेची व खोलीची. तिच्याविषयीं पुढें सांगतों.

ज्यांच्या घरीं इतर वाद्यें आहेत त्यांच्यासाठीं चार शब्द. भरतमुनींनीं वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केले. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेच 'संगीतरत्नाकरां'त विस्तारानें सांगितले. मायक्रोफोन मांडतांनाहि हेच वर्ग उपयोगी पडतात. तत म्हणजे तंतुवाद्यें: मायक्रोफोन तबलीसमोर किंचित् उंच ठेवून घोडी आणि शेवटचा पडदा यांच्या मध्यें रोखावा, नुसत्या घोडीवर रोखला तर आवाज कर्कश येतो. सुषिरांत बांसरी असेल तर तो फुंकेच्या वाटेंत कधींहि ठेवूं नये. तोंडाच्या वरच्या बाजूनें, फुंकेचें छिद्र व बोटांचीं छिद्रें यांच्या मधल्या जागेकडे कलता असावा. बाजाच्या पेटीचे सूर हवेच्या झोतानेंच निघतात, पण तिच्याजवळ गेल्यास भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट ऐकूं येते. दीड-दोन हात दूर राहावें. अवनद्धांत तबला-डग्गा: दोहोंच्या मधोमध, हात-दीड हात उंचीवरून खालीं पाहणारा. घन म्हणजे टाळ-झांजा: यांचा आघात तीक्ष्ण असतो, म्हणून तीन हातांच्या आंत येऊं नये. आमच्या भागांतील भजनाची खंजिरी या दोन्हीं वर्गांत बसते, कारण तिला कातडेंहि असतें आणि चकत्याहि. जिच्या नादानें तुकडोजी महाराजांनीं उभा विदर्भ जागविला, आणि जी घेऊन ते १९३६ सालीं आमच्या सेवाग्रामीं गांधीजींजवळ राहून गेले, ती खंजिरी घेतांना अंतर टाळांचेंच धरावें.

यंत्राची निगा फार नाहीं, पण ती चुकवूं नये. तार आधीं जोडावी, आवाज शून्यावर ठेवावा, मग ४८ व्होल्टचें बटन दाबावें. काढतांना क्रम उलटा. 'हॅलो हॅलो' म्हणून फुंकर मारूं नये, टिचकी वाजवूं नये. पावसाळ्यांत पटलापाशीं ओल धरली कीं यंत्र चरचरूं लागतें. म्हणून काम संपतांच तें सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. घेतलेलें मुद्रण न आंवळतां, वेव्ह स्वरूपांत, निदान दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपावें. ज्यांच्याजवळ हा मायक्रोफोन नाहीं त्यांनींहि निराश होऊं नये. मोबाईलमधील इवलासा मायक्रोफोनहि बहुधा याच धारित्राच्या तत्त्वावर चालतो. जागा, वेळ व अंतर संभाळल्यास तोहि बरेंच काम देतो.

आतां खोलीविषयीं. दिवाणखान्यांत फरशी, कांच आणि उघड्या भिंती. आवाज तेथें चेंडूसारखा उसळतो. माडीवर आमची एक कोठीची खोली आहे. तींत पाहुण्यांच्या गाद्या, रजया, आणि मार्गशीर्षांत शेतावरून आलेला कापूस भरलेला असतो. कापसाच्या तंतूंत शिरलेली हवेची लहर घर्षणानें तेथेंच जिरते. खर्जाला तो फारसा अडवीत नाहीं, पण उसळणारा खणखणाट पुष्कळ शोषून घेतो. हिंगणघाटच्या कापसाचें नांव पूर्वीं विलायतेच्या बाजारांत होतें. त्याचा हा उपयोग आमच्या आजोबांच्या स्वप्नांतहि आला नसेल.

राहिले अण्णा. त्यांची समजूत वहिनींनीं घातली. "अहो, चूक मांडणीची होती, तुमच्या हाताची नव्हे. पोरगा आठ दिवस मागें लागला आहे. एकदां बसा तरी."

मार्गशीर्षांतील थंडींत पहाटे साडेचार वाजतां अण्णा कोठीच्या खोलींत बसले. फ्रिज बंद, भिंतीवरील घड्याळ उतरविलेलें, सर्वांचे मोबाईल खालीं. खोलींत अण्णा, नातू आणि मी, वहिनी दाराबाहेर. सात महिन्यांत हात अधिकच जड झाला होता, हें पहिल्या आलापांतच कळलें. त्यांनीं ललत वाजविला, वीसच मिनिटें. एका मींडेवर हात कांपला. ते थांबले, श्वास घेतला, आणि तीच मींड पुन्हां घेतली.

मग आम्हीं तें ऐकलें. वहिनीहि आंत येऊन बसल्या. नखी, जवारी, तरफ, सर्व जागच्या जागीं. आणि त्या मींडेपूर्वींचा श्वासहि. नातू म्हणाला, "आजी, हा श्वास संगणकावर पुसून टाकतां येईल."

वहिनी म्हणाल्या, "राहूं दे रे. पन्नास वर्षें मी सतारीबरोबर तोहि ऐकत आलें आहें."

अण्णा कांहीं बोलले नाहींत. सतारीला खोळ घालावयास मी हात पुढें केला, तेव्हां म्हणाले, "असूं दे तशीच. उद्यां पुन्हां बसूं. आज हात जरा आंखडला होता."

त्या दिवसापासून आमच्या घरांत पहाट पुन्हां सतारीनें होते; कधीं तासभर, कधीं दहा मिनिटें. ज्या घरांत असा एकादा हात अजून वाजता आहे, मग ती पेटी असो कीं खंजिरी, त्या घरानें उत्तम यंत्राची किंवा उत्तम दिवसाची वाट पाहूं नये. एक शांत पहाट, गाद्यांची एक खोली आणि दीड हाताचें अंतर एवढें पुरें आहे.