अंदाज नव्हे, खात्री : आकडेमोडीच्या कोड्यांतील तर्क

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक घरांत प्राथमिक शाळेची शेवटची वर्षे शिष्यवृत्ती, नवोदय आणि सैनिकी शाळेच्या परीक्षांच्या तयारीत जातात. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली; नवोदय विद्यालये साताऱ्याजवळ खावली येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे आहेत. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात. साहजिकच सरावाचा सारा भर वेगावर राहतो आणि उत्तर बरोबर का आले, हा प्रश्न मागे पडतो. ही उणीव भरून काढणारे एक बिनखर्चाचे साधन म्हणजे आकडेमोडीवर आधारलेली चौकटींची कोडी.

सुडोकू आता घरोघरी परिचित आहे. पण त्यात गणित नसते. अंकांच्या जागी अक्षरे घातली तरी ते सुटते. 'केनकेन' या कोड्याचे तसे नाही. जपानमधील योकोहामा येथील गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी ते २००४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार केले. शिक्षकाने सांगत बसण्यापेक्षा मुलाने स्वतः धडपडावे, हा त्यामागील हेतू होता.

नियम दोनच. तीन बाय तीनच्या चौकटीत प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत १, २, ३ हे अंक एकदाच यावेत. शिवाय जाड रेषेने जोडलेल्या घरांतील अंकांपासून दिलेल्या क्रियेने दिलेले उत्तर मिळावे.

एक उदाहरण पाहू. डाव्या उभ्या ओळीतील वरच्या दोन घरांची बेरीज ३ आहे आणि तिसऱ्या घरात ३ दिलेला आहे. वरच्या आडव्या ओळीतील उरलेल्या दोन घरांचा गुणाकार ६ आहे. मधल्या उभ्या ओळीतील खालच्या दोन घरांची बेरीज ४, तर उजव्या उभ्या ओळीतील खालच्या दोन घरांची बेरीज ३ आहे.

गुणाकार ६ म्हणजे २ आणि ३. म्हणून वरच्या ओळीचे पहिले घर १ आणि त्याखालचे २. आता बेरीज ४. केवळ हिशेब पाहिला तर २ आणि २ चालतील. पण दोन्ही घरे एकाच उभ्या ओळीत असल्याने १ आणि ३ हेच उरतात. खालच्या आडव्या ओळीत ३ आधीच आहे, म्हणून तेथे १ आणि त्यावर ३. वरच्या ओळी मग १, २, ३ आणि २, ३, १ अशा भरतात. खालची ३, १, २. एकही अंक अंदाजाने लिहावा लागला नाही. हिशेब शक्यता पुढे ठेवतो, तर्क त्यांतील अशक्य ते वगळतो.

'काकुरो'मध्ये हीच रीत १ ते ९ अंकांना लागू होते. एका बेरजेत अंक पुन्हा येत नाही. त्यामुळे दोन घरांची बेरीज १७ असेल तर ८ आणि ९ हीच जोडी. तीन घरांची २३ असेल तर ६, ८, ९ हेच त्रिकूट. अशा बेरजा सापडल्या की कोडे उलगडू लागते.

चौकटीतील अंकांचे हे वेड भारताला नवे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणासाठी सोळा घरांची चौकट दिली असून तिच्या प्रत्येक ओळीची बेरीज १८ येते. नारायण पंडिताने १३५६ मधील 'गणितकौमुदी'त अशा चौकटींसाठी 'भद्रगणित' हे स्वतंत्र प्रकरण लिहिले.

जत-आटपाडीच्या माळावरील असो वा पाटण-जावळीच्या डोंगरातील, कोणत्याही शाळेत या कोड्यांसाठी चौकटीची वही आणि पेन्सिल पुरते. मात्र शिक्षकाने एक पथ्य पाळावे : अंक लिहिणाऱ्या मुलाला 'येथे दुसरा अंक का चालत नाही?' असे विचारावे. मुले सरावली की त्यांना स्वतः कोडे रचू द्यावे. वरच्याच उदाहरणात खालच्या चार घरांचे गट उभ्याऐवजी आडवे केले आणि मधल्या ओळीतील जोडीचा गुणाकार ३, तर खालच्या जोडीचा २ दिला, तर एकाऐवजी दोन उत्तरे निघतात. ती दोन्ही शोधणे आणि कोड्यातील नेमकी कोणती माहिती अपुरी पडली हे सांगणे, हा वर्गासाठी पुढचा उत्तम अभ्यास ठरेल.