कंपनीच्या आधी खांब बघा

श्रीपूरसारख्या गावात नेटची कंपनी बदलायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुणाचं चांगलंय?’ शेजारी एक नाव सांगतात, घरातली पोरं दुसरं, अकलूजहून आलेला पाहुणा तिसरंच. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. माळशिरस तालुक्यातलं हे गाव साखर कारखान्याच्या आधाराने वाढलं. चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथे उभा राहिला आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखाना इथे आहे. कारखान्याच्या गावांची ठेवण साधारण सारखीच असते. वसाहत आणि बाजार दाटीने वसलेला, बाकीची घरं उसाच्या रानात वस्त्यांवर. एकाच कंपनीची केबल बाजारातल्या घरात दोन-चार खांबांवरून येते, तर वस्तीवरच्या घरात पार रान ओलांडून. या दोन घरांचा अनुभव सारखा असणं शक्यच नाही. म्हणून घरचं नेट बदलताना कंपनीचं नाव दुय्यम मानावं. आपल्या दारापर्यंत आलेली केबल आणि ती तुटल्यावर जोडायला येणारा माणूस, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

फायबरचं काम कसं चालतं हे एकदा कळलं की हे पटायला वेळ लागत नाही. ऑपरेटरच्या यंत्रातून निघालेली एक काचेची तार वाटेत स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीत जाते आणि तिथून 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एवढ्या सगळ्या घरांत मिळून सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट येतात. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पुरेपूर खेचलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला 40 एमबीपीएससुद्धा येणार नाही. असं क्वचितच घडतं, पण जाहिरातीत वेगासोबत ‘पर्यंत’ हा शब्द का असतो, ते यावरून समजतं. शिवाय गावपातळीवरचं काम पुष्कळदा स्थानिक केबलवाल्याकडे किंवा फ्रँचायझीकडे असतं. बीएसएनएलचं फायबरही अनेक ठिकाणी अशा भागीदारांमार्फतच घरात पोचतं. म्हणजे बिलावरचं नाव मोठ्या कंपनीचं असलं, तरी शिडी घेऊन येणारा माणूस गावातलाच असतो. नीरा उजव्या कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याला शेवटच्या टप्प्याचं हे महत्त्व वेगळं सांगायला नको. धरण किती भरलं यापेक्षा आपल्या चारीला पाणी किती आलं, हाच त्याच्या कामाचा आकडा.

त्यामुळे बदलण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायला हवं, आणि त्याला इंजिनिअर लागत नाही. घरातल्या नेटच्या बॉक्सवर लहान दिवे असतात. बहुतेक बॉक्सवर त्यातल्या एकाखाली एलओएस असं लिहिलेलं असतं. तो लाल लागला तर प्रकाशाचा सिग्नल बॉक्सपर्यंत पोचत नाही. बहुधा बाहेर केबल तुटलेली असते किंवा जॉइंट सुटलेला असतो. गळीत हंगामात उसाने उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि खाली लोंबणारी केबल अशा ट्रॉलीला सहज अडकू शकते. दिवा लाल नाही, पण मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो, असं असेल तर लॅपटॉप लॅन केबलने थेट बॉक्सला जोडून वेग तपासावा. केबलवर वेग नीट येतो आणि वायफायवर येत नाही, तर दोष घरातल्या भिंतींचा किंवा बॉक्सच्या जागेचा. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण जाड भिंतीपलीकडे लवकर दम तोडतं. तिथे 2.4 गिगाहर्ट्झ टिकतं. बॉक्स कपाटातून काढून घराच्या मध्यावर ठेवण्याने जे काम होईल, ते कंपनी बदलून होणार नाही. मात्र लॅन केबलवरही रोज रात्री आठ ते अकरा वेग कोसळत असेल, किंवा तुटलेली लाइन जोडायला चार-चार दिवस लागत असतील, तर बदलण्याचं कारण खरं आहे.

‘मग मोबाइलसारखं पोर्ट करून टाकू,’ असं कुणीही म्हणेल. मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर सुरू झाली आणि ती अंगवळणीही पडली. ब्रॉडबँडला तशी सोय नाही. जुन्या कंपनीची केबल तिच्याच यंत्राला जाते, त्यामुळे नव्या कंपनीला नवी ओढावी लागते. जुना बॉक्सही सहसा जुन्या कंपनीशीच बांधलेला असतो. लँडलाइनचा नंबरही नव्या कंपनीकडे नेता येत नाही, म्हणून बँकेत किंवा गॅस एजन्सीत तो दिलेला असेल तर आधी बदलून घ्यावा. यावर सुरक्षित वाट एकच. नवं नेट महिनाभर चालवून बघावं आणि मगच जुनं बंद करावं. दोन बिलं कशाला भरायची, हा आक्षेप रास्त आहे. पण स्वस्त पडतं म्हणून एकदम सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून बसलेला ग्राहक अडकला, तर एका बिलापेक्षा कितीतरी जास्त गमावतो. महिन्याचा प्लॅन थोडा महाग असला तरी सुरुवात त्यानेच करावी.

दराची तुलना करतानाही जाहिरातीतला आकडा धरू नये. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 500 रुपयांचा प्लॅन हातात 590 ला पडतो. शिवाय जोडणीचा खर्च आणि बॉक्सचं डिपॉझिट वेगळं. ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती उरतो, तेही विचारावं. आणि 100 एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला 100 एमबीने उतरत नाही. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून फार तर साडेबारा एमबी. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या चालणाऱ्या लाइनीवरही फसवल्याचा आळ येतो.

बदलाच्या दिवशी बिगरतांत्रिक माणसाला खरी धास्ती असते ती टीव्ही, प्रिंटर, सीसीटीव्ही हे सगळं पुन्हा जोडण्याची. त्यावर सोपी युक्ती आहे. जुना बॉक्स बंद करून नव्या बॉक्सच्या वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला लाइनमनला सांगावं. अक्षर न् अक्षर तेच असेल, तर बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. लाइनमन घराबाहेर पडायच्या आत हे करून घ्यावं. जुनी सेवा बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा, विनंतीचा क्रमांक घ्यावा आणि बॉक्स परत केल्याची पोच जपून ठेवावी. नाहीतर पोस्टपेडची बिलं येत राहतात आणि डिपॉझिट अडकतं. तक्रार कंपनीच्या केंद्रात सुटली नाही, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप वस्तीवरून येतो. ‘आमच्याकडे येऊन जाऊन एकच केबल, निवडायचं कशातून?’ 2023 पासून जिओ आणि एअरटेल यांनी 5जी टॉवरवरून घरात नेट देणारी एअरफायबर सेवा सुरू केली आहे. टॉवर जवळ असेल, तर केबल न ओढता हा पर्याय मिळतो. पण तिथेही नियम तोच, कारण टॉवरचा वेग अंतरावर आणि वापरणाऱ्यांच्या गर्दीवर अवलंबून असतो. आणि पर्याय खरोखर एकच असेल, तर त्याच खांबावरच्या पाच-सहा घरांनी मिळून तारीखवार तक्रारी नोंदवणं हा इलाज उरतो. फोनवरचा आरडाओरडा विरून जातो, तक्रार क्रमांकांची यादी नाकारता येत नाही. कंपनी निवडण्याचा धागाही इथेच सापडतो. ‘कुणाचं चांगलंय?’ हे गावभर विचारण्यापेक्षा आपल्या खांबावरच्या दोन घरांत जाऊन, मागच्या वेळी लाइन तुटली तेव्हा जोडायला किती तास लागले, एवढंच विचारावं. त्या उत्तरासाठी संगणकाचं ज्ञान लागत नाही, आणि कोणत्याही जाहिरातीत ते छापलेलं नसतं.