धनेशाची जोडी एकनिष्ठ असते, हे मोजलं कोणी?

चिपळूणच्या आसपासच्या देवरायांत उन्हाळ्याच्या तोंडावर धनेशांची वीण सुरू होते. मादी ढोलीत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि उरलेल्या फटीतून नर तिला वड-उंबराची फळं भरवत राहतो. हे पाहून ‘धनेश जन्मभर एकनिष्ठ’ असं आपण बोलून जातो, पुढे प्रस्तावातही तेच लिहितो. पण दुर्बिणीतून दिसली ती फक्त सामाजिक जोडी. पिल्लांचा बाप कोण, हा जनुकांचा प्रश्न आहे, आणि तो वेगळा आहे.

1968 मध्ये डेव्हिड लॅक यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी-जाती एकनिष्ठ मानल्या होत्या. 1987 मध्ये चिमण्यांवर डीएनए फिंगरप्रिंटिंग वापरलं गेलं आणि घरट्यांत परक्या नरांची पिल्लं सापडली. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या चिमुकल्या पक्ष्यात तर सुमारे तीन चतुर्थांश पिल्लं गटाबाहेरच्या नरांची निघाली!

‘धनेशाची मादी तर कोंडलेली, मग दुसरा नर येणार कुठून?’ हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. मीलन कोंडून घेण्याआधी होऊ शकतं, आणि पक्ष्यांच्या माद्या शुक्राणू शरीरात साठवून ठेवतात. म्हणजे लिंपलेलं दार हा पितृत्वाचा पुरावा नव्हे. नामिबियातल्या मॉन्टेरोच्या धनेशात मात्र 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परक्या नराचं एकही पिल्लू आढळलं नाही. पण ती एक जात झाली. तिच्यावरून आपल्या कवड्या धनेशाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

मग तपासायचं कसं? प्रत्येक मार्करवर पिल्लाला एक प्रत आईची, एक बापाची मिळते. आईची बाजूला काढा. एका नराकडे एका जागी जास्तीत जास्त दोन वेगळ्या प्रती असतात. भावंडांत बापाकडून आलेल्या तीन प्रती दिसल्या, तर बाप किमान दोन. (एकाच मार्करवर विसंबू नका, उत्परिवर्तनही होतं.) यासाठी एका ढोलीत तीन पिल्लं तरी हवीत. महाधनेश बहुधा एकच वाढवतो, म्हणून तिथे नराचाच नमुना लागतो. झाडाखाली गळलेल्या पिसाच्या देठात डीएनए मिळतो, पण दमट हवेत तो लवकर बिघडतो. ते पीस त्याच नराचं आहे हेही दाखवावं लागतं, आणि ते उचलण्याआधी वन विभागाची परवानगी हवी.