विश्लेषण : डाळिंबाच्या गुटीसोबत ‘तेल्या’ही बागेत येतो का?

पावसाळा लागला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील डाळिंब उत्पादकांची दोन कामे एकदमच निघतात. नव्या लागवडीसाठी गुट्या बांधायच्या आणि जुन्या बागेत तेल्या रोगावर फवारण्या करायच्या. खरी अडचण या एकाच मुहूर्तात आहे. साडेचार बाय तीन मीटरवर एकरी सुमारे 300 झाडे बसतात. रोपच रोगट निघाले तर ते कळेपर्यंत ठिबक, खते, मजुरी यांचा खर्च होऊन गेलेला असतो.

बी का लावत नाहीत?

डाळिंबात परपरागीभवन होते. बियांपासून आलेले झाड मूळ वाणासारखे निघेलच याची खात्री नसते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला ‘भगवा’ जसाच्या तसा हवा असेल, तर त्याच झाडाच्या फांदीपासून रोप करावे लागते.

गुटी कलमात नेमके काय होते?

पेन्सिलीच्या जाडीची पक्व फांदी निवडून अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढतात. पाने तयार करतात ते अन्न सालीतून खाली जाते, पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढते. साल काढल्याने खालची वाट बंद होते, वरची चालू राहते. फांदी वाळत नाही. उलट अन्न आणि मुळे फुटायला लावणारी संजीवके कापाच्या वरच्या कडेला साचतात. तिथे आयबीए हे संजीवक लावून ओले मॉस प्लॅस्टिकने घट्ट बांधले की साधारण महिना-दीड महिन्यात मुळे दिसू लागतात. मग फांदी कापून पिशवीत लावायची. हवेत ओलावा असल्याने हे काम पावसाळ्यात चांगले साधते.

मग रोग कुठून येतो?

तेल्या हा झँथोमोनास जिवाणूमुळे होतो. देशात त्याची पहिली नोंद 1952 मध्ये दिल्लीतून झाली. त्यालाही नेमके हेच उबदार, दमट हवामान मानवते. पानांवर तेलकट डाग पडतात, फळे तडकतात, फांद्या पेऱ्याजवळ मोडतात. पण जिवाणू लक्षणे न दाखवताही फांदीत राहू शकतो. गुटी ही मातृवृक्षाची हुबेहूब नक्कल, त्यामुळे वाणासोबत रोगही तितक्याच इमानाने येतो. फळांच्या चालू बागेतच गुट्या बांधण्याची पद्धत म्हणूनच सर्वाधिक जोखमीची.

पर्याय काय?

हिवाळी छाटणीतील पक्व काड्यांची छाट कलमे हा एक. 20-25 सेंटिमीटरच्या काड्या आयबीएच्या द्रावणात बुडवून लावतात. एका झाडापासून गुटीपेक्षा जास्त रोपे मिळतात आणि तेव्हा तेल्याचा जोरही कमी असतो. अर्थात काडी रोगट झाडाची असेल तर हंगाम बदलूनही उपयोग नाही. तपासलेल्या मातृवृक्षापासूनची ऊतिसंवर्धित रोपे निरोगी मिळतात, पण ती महाग पडतात. शिवाय त्यांना रोगप्रतिकारक समजण्याची चूक होते. शेजारच्या बागेतून वाऱ्या-पावसाच्या थेंबांसोबत किंवा छाटणीच्या कात्रीतून तेल्या त्यांच्यावरही येतोच.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

राज्यात फळरोपवाटिकेला 1969 च्या कायद्यानुसार परवाना लागतो. तो मागून पाहावा. मातृवृक्ष कोणत्या बागेतले, तिथे मागील हंगामात तेल्या होता का, हे विचारावे आणि शक्य झाल्यास ती बाग पावसाळ्यातच बघून यावी. एखादे रोप पिशवीतून काढून मुळेही पाहावीत. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी मातीतून आलेली असते, आणि ती पुढे मर रोगाला वाट करून देते. शंका वाटल्यास शहरातील हिमायतबागेचे फळ संशोधन केंद्र किंवा सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र येथे विचारणा करता येते, मात्र ती पैसे मोजण्याआधी.